नळराजाची मर्जी

आमच्या न्हाणीघरात एक टब आहे. हे वाक्य ऐकले की पाहुण्यांच्या चेहऱ्यावर आदराची छटा उमटते, म्हणून खुलासा आधीच करून टाकतो. हा टब आम्ही घेतलेला नाही. शिवाजी पार्कच्या आसपास १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ज्या इमारती उठल्या, त्यांपैकी एकीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही भाडेकरू आहोत. त्या काळच्या घरमालकाने हौसेने बिडाचा, पांढऱ्या मुलाम्याचा टब बसवला, त्यावर थंड आणि गरम पाण्याचा जोडनळ बसवला आणि त्याच्याही वर, भिंतीतून वाकलेल्या नळीच्या टोकाला, सूर्यफुलाएवढा शॉवर लावला. आधीच्या बिऱ्हाडाने त्यात लोळून स्नाने केली असतील तर ईश्वर जाणे. आम्ही गिरगावच्या चाळीतून आलेली माणसे. टब दिसताच माझ्या आईने त्याचा खरा उपयोग ओळखला आणि त्यात पाणी भरून ठेवले. गेली चाळीस वर्षे आमच्या घरी तो टब नसून लांबोडके पिंप आहे.

शॉवरला कोणी हात लावला नव्हता. तो सुरू केला तर दोन धारा उजवीकडे, एक भिंतीवर आणि चार थेंब डोक्यावर पडत. पाटावर बसून तांब्याने अंगावर पाणी घेणाऱ्या कुटुंबाला त्याचे दुःख होण्याचे कारणही नव्हते.

कारण घडले ते गेल्या वर्षी फाल्गुनात. आई घरातच घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आई चालू लागली, पण डॉक्टरांनी बजावले की खाली वाकायचे नाही आणि पाटावर तर मुळीच बसायचे नाही. पाट गेला म्हणजे तांब्याही गेला. मग अंग पुसून घेण्यासाठी एक बाई येऊ लागल्या. बाई मोठ्या मायाळू होत्या, पण अठ्ठ्याहत्तर वर्षे स्वतःच्या हाताने आंघोळ केलेल्या माणसाला दुसऱ्याने पुसून काढणे किती लागते, हे मला आईच्या चेहऱ्यावरून कळे. ती काही बोलत नसे. एकदा मात्र म्हणाली, "अरे, अंग पुसणं म्हणजे आंघोळ नव्हे. मी काय फर्निचर आहे?"

उंच खुर्चीवर बसून शॉवरखाली तिला आपली आपण आंघोळ करता आली असती. न्हाणीघरात धरायला दांडे लावले, खाली न घसरणारी रबरी चटई घातली, खुर्ची आणली. सगळे झाले. राहिले फक्त पाणी.

शेजाऱ्यांना विचारले तर त्यांनी मला वेड्यात काढले. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. "अहो सर, दोन वर्षांत इमारतच पडायची आहे. नळ कसले दुरुस्त करता?" ही दोन वर्षे मी गेली नऊ वर्षे ऐकत आहे. शिवाय इमारत थांबू शकते, आईला थांबायला सांगणार कोण?

*

मी मराठी शिकवतो. पाना कोणत्या हातात धरावा हे मला ठाऊक नव्हते. परंतु ज्या वस्तूशी झुंजायचे तिच्या नावापासून सुरुवात करावी, ही आमच्या धंद्याची खोड. 'नळ' म्हणजे मुळात आतून पोकळ असा वेत किंवा बोरू. पोकळ नळीतून पाणी येते, म्हणून तोही नळच. पण महाभारतातला नळराजा आठवला आणि मी चकित झालो. दमयंती-स्वयंवराच्या वेळी देवांनी नळाला वर दिले, त्यांत वरुणाचा वर असा होता की नळ इच्छील तिथे पाणी हजर होईल. पुढे तो विद्रूप होऊन बाहुक या नावाने स्वयंपाकी-सारथी बनून राहिला, तेव्हा दमयंतीच्या दासीने पाळत ठेवली. तिने काय पाहिले? रिकाम्या घागरींकडे त्याने नुसते पाहिले आणि त्या भरल्या! नवऱ्याची ओळख पटायला दमयंतीला जे पुरावे उपयोगी पडले, त्यांत हा एक. आमच्या न्हाणीघरातल्या नळाने मात्र वरुणाचा वर केव्हाच गमावलेला होता.

मुंबईकराने नळाला सहज समजू नये. हे बेट चहूबाजूंनी पाण्यात, पण पिण्याच्या पाण्याला पारखे. पूर्वी शहर जगे ते विहिरींवर आणि तलावांवर. तलाव बुजले आणि त्यांची नावे पत्त्यात उरली: धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक. वस्ती वाढली, पाणी पुरेना, तेव्हा हेन्री कॉनिबेअर या इंजिनियराच्या योजनेप्रमाणे मिठी नदीवर विहारचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६० साली तलाव तयार झाला. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये वैतरणेचे पाणी आले. त्या जलाशयाला महापालिकेचे इंजिनियर नानासाहेब मोडक यांचे नाव देऊन 'मोडकसागर' केले, हे मला फार आवडते. राजेरजवाड्यांची आणि पुढाऱ्यांची नावे सगळीकडेच असतात. इंजिनियराचे नाव पाण्याला क्वचितच लाभते. पुढे ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा आले, २०१४ मध्ये मध्य वैतरणा आले. आज सात तलाव मिळून या शहराला रोज पावणेचार ते चार अब्ज लिटरांच्या घरात पाणी देतात. विहार आणि तुळशी सोडले तर बाकीचे सगळे दूरवरून, शंभर किलोमीटरांच्या आसपासच्या अंतरावरून येते.

विहिरी मात्र एकाएकी सुटल्या नाहीत. आईची आजी गिरगावात राहात असे. वाडीत नळ आला होता, पण देवाच्या पूजेला ती विहिरीचेच पाणी घेई, कारण नळाच्या आत वायसर असतो आणि वायसर चामड्याचा! "चामड्याला लागून आलेलं पाणी देवाला कसं घालायचं?" हा तिचा बिनतोड सवाल. पुढे हिवतापाने तो निकालात काढला. १९११ साली डॉ. बेंटली यांचा मुंबईतील हिवतापावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. विहिरींत हिवतापाचे डास वाढतात असे दिसून आले आणि मग शहरातल्या कित्येक विहिरी झाकल्या नाहीतर बुजवल्या गेल्या. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही आहे, पण असे भाग्य थोड्याच विहिरींना लाभले. आजीचा देव अखेर चामडी वायसराच्या पाण्याने न्हाऊ लागला.

या वायसराशी माझी गाठ पडणार आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

*

पितृपक्षातल्या एका रविवारी मी शॉवरचे फूल काढले. जुन्या आट्यांवर फडके गुंडाळून, पान्याने हलक्या हाताने, डावीकडे. एका नामांकित दुकानदाराने सांगितले होते की असली फुले रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवावीत, चुनखडी विरघळते आणि भोके मोकळी होतात. बुडवले. सकाळी पाहतो तर भोके होती तशीच.

याचे कारण मला पुढे कळले. व्हिनेगरचा उपाय जड पाण्याच्या गावचा. जिथे पाण्यात चुन्याचे क्षार भरपूर, तिथे पांढरी पुटे धरतात आणि ती आंबट पदार्थाने सुटतात. मुंबईचे तलावांचे पाणी पावसाचे, त्यामानाने हलके. ज्या इमारतींत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते, तिथे पांढरी पुटे दिसतील. आमच्या फुलात पांढरे काही नव्हते. होते ते तांबूस-काळे, वाटाण्याच्या टरफलासारखे पापुद्रे. तो गंज होता. फुलाची चकती उघडली, दात घासायच्या जुन्या ब्रशने पापुद्रे झाडले आणि सुईने एकेक भोक मोकळे केले. सौ. म्हणाली, "परीक्षेचे पेपर इतक्या काळजीने तपासता का?" मी उत्तर दिले नाही.

फूल परत बसवून शॉवर सोडला आणि खरेच पाणी भुरभुरू लागले! मी विजयाने हात पुढे केला आणि ओरडून मागे घेतला. पाणी कढत होते. थंड पाण्याची चावी पूर्ण सोडली तरी कढतच. म्हणजे मी केले होते काय? पूर्वी शॉवरमधून कसलेच पाणी धड येत नव्हते. आता गरम पाणी जोरात येत होते आणि थंड पाणी जवळजवळ नाही. म्हाताऱ्या माणसाला, चटकन उठता न येणाऱ्या माणसाला, असल्या शॉवरखाली बसवणे म्हणजे घातच. अर्धी दुरुस्ती ही नादुरुस्तीपेक्षा वाईट, हे त्या दिवशी माझ्या तळहाताला कळले.

तेव्हा मी हार मानली आणि लालबागच्या एका काकांना बोलावले.

*

काका वयाने सत्तरीकडे झुकलेले. विसाव्या वर्षी परळच्या एका गिरणीत फिटरच्या हाताखाली लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. काकाही पडले आणि पुन्हा आत गेले नाहीत. वाफेच्या नळ्या जोडणारा माणूस लोकांच्या मोऱ्या दुरुस्त करू लागला. ते आले, टबाच्या कडेवर टेकले आणि पहिला अर्धा तास त्यांनी पिशवी उघडलीच नाही.

"सर, पाणी कुठं अडलंय ते पाण्यालाच विचारायचं," ते म्हणाले. "माणूस नुसता अंदाज सांगतो."

मग त्यांनी चौकशी आरंभली. स्वयंपाकघरातल्या नळाला जोर आहे ना? मी म्हटले, भरपूर आहे. "तो धरायचा नाही. तो खालून, म्युनिसिपालटीच्या लाइनीवर. हे पाणी गच्चीतल्या टाकीचं." बरोबरच होते. गच्चीची टाकी आमच्या शॉवरच्या फार तर तीन मीटर वर. दहा मीटर उंचीच्या पाण्याने एका वातावरणाएवढा दाब पडतो. आमच्या वाट्याला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला टाकी जवळ असते, म्हणूनच पाणी मंद असते. तळमजल्याचा शेजारी त्याच टाकीच्या पाण्याने फवारे उडवतो. एवढ्या थोड्या दाबाला वाटेतला बारीकसा अडथळाही पुरतो.

मग बेसिनचा नळ पाहिला. तो त्याच टाकीवर, आणि चांगला चालू. म्हणजे गच्चीपासून बेसिनपर्यंत नळी मोकळी, हवाही अडकलेली नाही. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की नळीच्या चढावर हवेचा गोळा अडून बसतो आणि पाणी थांबते. तसे असते तर खालचे सगळे नळ एकदम सोडून हवा बाहेर काढता आली असती. मग टबाची तोटी पाहिली: गरम जोरात, थंड करंगळीएवढे. गरम जोरात का? कारण दहा वर्षांपूर्वी गिझर बसवताना त्याची नळी नवी टाकली होती. थंडाची नळी मूळची.

"बघा," काका म्हणाले, "आता दोनच जागा उरल्या. एक चावीच्या पोटात, नाहीतर तिच्यामागच्या एल्बोत."

मला हे फार सुंदर वाटले. कवितेचा अर्थ लावताना आम्हीही असेच एकेक शक्यता बाजूला करीत जातो. फरक इतकाच की आमचा अर्थ चुकला तर कोणाच्या अंगावर कढत पाणी पडत नाही.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला. खालच्या दोन बिऱ्हाडांना आधी सांगितले, कारण नळी त्यांचीही. उरलेले पाणी तोटीतून जाऊ दिले. तोटीच्या भोकात फडके कोंबले, म्हणजे एखादा स्क्रू निसटला तर टबाच्या मोरीत जाणार नाही. मग काकांनी थंड चावीचे डोके उघडून स्पिंडल बाहेर काढला. त्याच्या टोकाला वायसर असायला हवा होता. नव्हता. तो खाली बसकेवर फुगून चिकटला होता. चावी फिरवली की स्पिंडल वर जाई, वायसर जागचा हलत नसे. पाणी बिचारे त्याला ढकलून कडेने झिरपे. आम्ही चाळीस वर्षे रिकामी चावी फिरवीत होतो! वायसर रबराचा होता. आजीच्या देवाला चालला असता.

काकांनी तो चिमट्याने उचलला, बसकेची कड बोटाने चाचपून ती चिरलेली नाही याची खात्री केली आणि नवा वायसर बसवला. पण स्पिंडल लगेच लावला नाही. उघड्या भोकावर उलटी बालदी धरली आणि मला गच्चीवर पाठवून व्हॉल्व्ह एकदम सोडायला सांगितले. खाली आलो तेव्हा टबात तांब्याभर लाल चिखल पडला होता, चहाच्या पत्तीसारखा. एल्बोत अडलेला ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचा गंज.

मी म्हटले, "काका, मग ही नळीच बदलून टाकू या."

त्यांनी पिशवीतून दुसऱ्या घरातला एक कापलेला तुकडा काढून दाखवला. बाहेरून अर्धा इंची नळी, आत गंजाच्या गाठींमधून बोरू जाईल एवढेच भोक. लोखंडावरचा जस्ताचा थर संपला की आतून अशा गाठी धरतात. भोक निम्मे झाले तर पाणीही निम्मे होईल असे आपल्याला वाटते. तसे नसते. तेवढ्याच दाबाने जेमतेम सहावा हिस्सा पाणी येते. "तुमची एवढी बिघडलेली नाही," ते म्हणाले. "भिंत फोडून जुना आटा सोडवायला गेलो तर पुढचा तुटेल, मग त्याच्या पुढचा. बिल्डिंग जायची आहे, तोवर हिला शांत राहू द्या. मात्र ॲसिड ओतू नका." ॲसिड गंजाबरोबर उरलेले जस्तही खाते, पितळेवरची चकाकी घालवते आणि ब्लिचिंग पावडरीशी मिसळले तर विषारी वायू सुटतो. घरोघरी न्हाणीघरात या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

शेवटी घड्याळ लावले. पूर्वी थंड पाण्याची पंधरा लिटरची बालदी भरायला सहा मिनिटे लागत. आता दोन लागली. काकांनी पैसे घेतले ते वायसराचे आणि दोन तासांच्या मजुरीचे. चहा घेतला आणि जाताना सांगितले, "आधी थंड सोडायचं, मग गरम. बंद करताना आधी गरम." बरेच दिवस न वापरलेला शॉवर पहिल्यांदा पाच मिनिटे नुसता वाहू द्यायचा, साचलेले पाणी अंगावर घ्यायचे नाही, हेही त्यांनीच बजावले.

*

त्या संध्याकाळी मी वहीत एक हिशेब मांडला आणि माझा आनंद थोडा खाली आला. मिनिटाला साडेसात लिटर म्हणजे दहा मिनिटांच्या शॉवरला पाच बालद्यांचे पाणी. पाटावर बसून आईची आंघोळ एका बालदीत होत असे. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असावे असे नियोजनाचे माप आहे. आमची पाच बालद्यांची चैन त्यातले निम्म्याहून अधिक गिळणार. आणि हे पाणी येते कुठून? तानसा, भातसा, मोडकसागर ही सगळी शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांत दर उन्हाळ्यात टँकर लागतात आणि बायका हंडे घेऊन पायपीट करतात. ज्यांच्या दारावरून आपले पाणी येते त्यांच्या घागरी रिकाम्या, हे काही वरुणाच्या वरात बसत नाही.

आईला हे सांगितले नाही. सांगावे लागले नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे सौ.ने आईला खुर्चीवर बसवून तेल लावले, उटणे चोळले. मग आई म्हणाली, "आता तुम्ही दोघंही बाहेर जा." सात महिन्यांनी तिने न्हाणीघराचे दार आतून लोटून घेतले. कडी लावली नाही. तेवढे आमचे ऐकले. बाहेर फटाके वाजत होते. मी दाराशी उभा राहून फक्त पाणी ऐकत होतो. पाणी पडले. थांबले. बराच वेळ काही नाही. मी घाबरून हाक मारणार तोच पुन्हा पडू लागले. मग ध्यानात आले: उटणे चोळताना ती नळ बंद करीत होती. गिरगावच्या चाळीत सार्वजनिक नळावर वाढलेली बाई, तिला वाहते पाणी नुसते वाहू देणे जमणारच नव्हते. एक बालदी, फार तर दीड, यापेक्षा जास्त पाणी तिने वापरले नसावे.

कारीट फोडायला मी पायाशी ठेवले होतेच. आई बाहेर आली, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला, चेहरा उटण्याने लालसर झालेला. मला वाटले, आता कौतुकाचे दोन शब्द येतील. आई म्हणाली,

"नळ घट्ट बंद केलाय मी. ठिबकत नाही ना, तेवढं एकदा बघून ये."